पिलूच्या झाडावरची माशी

नणंदेची मुलगी दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहायची आणि किड्यांवर संशोधन करायची. खोलीत पलंगाखेरीज काही मावत नव्हतं, म्हणून तिच्या बरण्या सरोजिनी नगरला आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत आल्या. बरणीत पानं, पानांवर फोडांसारख्या गाठी, तोंडाला मलमल. त्या गाठींतून डासाहून बारीक माशी निघते. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. भाताला लागणारी गादमाशी मला ठाऊक होती.

"मामी, तसल्या शेकडो जाती आहेत," ती म्हणाली. "बहुतेक जाती एकाच झाडावर वाढतात. कितींना तर अजून नावंही नाहीत."

रोज सकाळी निघालेल्या माशा स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या आणि झाड, जागा, तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच बाटलीत सोडायची, हे काम माझं. मी चौथी शिकलेली. शेजारणींना सांगायची, आमच्याकडे युनिव्हर्सिटीचं काम चालतं.

एका बरणीत गुडगावच्या पुढच्या पिलूच्या झाडाच्या गाठी होत्या. तिथे नव्या फ्लॅटचे बोर्ड लागले होते. "ही माशी नवीन असेल, मामी. हिच्याकडे नीट बघ हं."

गणपतीत पाच दिवस मी मंडळात मोदक वळत होते. बरण्यांकडे फिरकले नाही. सहाव्या दिवशी पाहिलं तर पिलूच्या बरणीत मुंग्या. मलमल मीच सैल बांधली होती. माशांचे पंखसुद्धा उरले नव्हते. शेजारच्या आंब्याच्या बरणीत मात्र माशाच माशा. जेवायला माणसं वाढली की आमटीत पाणी घालायचं, यातच माझा जन्म गेलेला. आंब्याच्या दहा-बारा माशा उचलल्या, पिलूच्या बाटलीत टाकल्या, वर पिलूची चिठ्ठी. दिसायला सारख्याच होत्या.

महिन्याभरानं ती आली ती चप्पल न काढताच.

"सरांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं. पिलूच्या बाटलीत आंब्याची माशी आहे. मामी, चिठ्ठी बदलली का गं तुझ्याकडून?"

"मला काय विचारतेस? मी अडाणी बाई. तूच चुकली असशील."

एरवी मला कुणी अडाणी म्हटलेलं खपायचं नाही.

तिला ते पटलं. सरांना जाऊन सांगितलं, चूक माझी. पुन्हा गाठी आणायला ती गुडगावला गेली, तर पिलू होता तिथे पायाचा खड्डा खणलेला. सर म्हणाले, एक चिठ्ठी खोटी निघाली तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? वर्षभराच्या सगळ्या बाटल्या बाद.

त्या रिकाम्या करायला ती माझ्याकडे आली. पहिल्या बाटलीचं बूच काढलं तेव्हा मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. मुंग्या, मोदक, आंब्याच्या माशा.

तिनं बाटलीतल्या चिठ्ठीकडे बघितलं. मग विचारलं, "बाकीच्यांत?"

"बाकीच्यांत काही नाही केलं. देवाशपथ."

"त्या दिवशी पण तू असंच तोंड करून बोलली होतीस, मामी."

तिनं हात सोडवून घेतला आणि एकेक बाटली मोरीत ओतली. मी शेजारी उभी होते. तिनं मला हात लावू दिला नाही. बाटल्या विसळून पिशवीत भरल्या, बरण्या उचलल्या आणि मुनिरक्याला निघून गेली. जाताना पाया पडली. ते मला अजून सहन होत नाही.