मधली तारीख

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. ज्या बाईला माझं सगळं ठाऊक आहे, तिच्याजवळही नाही — कारण यातलं जे आहे, ते तिचंच आहे.

चौथीतून शाळा सोडली. एका खोंडावर धंदा सुरू केला. आज आमच्याकडच्या वाशीच्या बैलबाजारात मी बैलाच्या पाठीवर हात ठेवला की दुसरा व्यापारी भाव बोलत नाही. पण माझे चुलतभाऊ अप्पा — गणिताचे मास्तर — माझ्याच लग्नाच्या पंगतीत म्हणाले होते, "ह्याला आकडं फक्त रुमालाखाली बोटं धरून कळत्यात." बैलाचा सौदा आम्ही असाच करतो, रुमालाआड बोटं दाबून. पंगत हसली. तो घास मी वीस वर्षं गिळला नाही. तुम्ही गिळला असता?

मग एका बाजारकरूनं मला कॅलेंडरची जादू शिकवली. कुणीही तारखांचा चौकोन आखावा, तीन ओळी, ओळीत तीन. मी नुसती नजर टाकून नवांची बेरीज सांगायची. मधली तारीख गुणिले नऊ — बस. का जमतं? मला माहीत नव्हतं. सोनारीच्या भैरवनाथाची कृपा, असं मी छातीठोक सांगायचो.

एकदा चार व्यापारी घरी बसलेले. चौकोनाच्या मधे सोळा. मी म्हणालो एकशे चव्वेचाळीस. सगळे गार. तेवढ्यात बायको बोलली. ती लग्नाआधी बाजारात मिरच्यांचे वाटे लावून विकायची.

"आवं, ह्यात देव कशाला? चोवीसातलं आठ उचलून आठात टाका. दोनी सोळा. सतरातला एक पंधरात. जास्तीचं कमतीत टाकलं की समदे वाटे मधल्याएवढे."

मी काय केलं असेल? "तुला काय कळतंय? जा, भाकरी बघ." व्यापारी हसले. ती आत गेली.

पण त्या क्षणापासून कॅलेंडर मला दुसऱ्या तऱ्हेनं दिसूच शकलं नाही. जादू गेली, उजेड पडला. नऊ ढीग, समोरासमोरचे — एक जेवढा जास्त, दुसरा तेवढाच कमी. इतकं उघडं! आणि मी देवाला मधे घातलं होतं.

पुढं पुतणीचा साखरपुडा. घर भरलेलं. मी बेरीज सांगितली. अप्पा हसून म्हणाले, "पाठ केलंस गड्या. का व्हतं ते सांग."

याचीच तर मी वाट बघत होतो. ताटात एकेका तारखेएवढ्या शेंगदाण्यांचे नऊ वाटे लावले. मोठ्यातले दाणे उचलून लहानात टाकत गेलो. नऊही वाटे सारखे झाले. अप्पा उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "जन्मभर मी हे फळ्यावर मांडलं. इतकं उघडं करून मला दाखवता आलं न्हाय." माझ्या लग्नाची पंगत मी त्या दिवशी पुरती जिंकली. तो आनंद आजही तसाच आहे, कमी झालेला नाही — खोटं कशाला सांगू?

"कुणी शिकवलं रं?" अप्पांनी विचारलं.

बायको दारातच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन.

"कुणी न्हाय," मी म्हणालो. "माझं मलाच दिसलं."

तिनं ऐकलं. आधी अप्पांना चहा दिला, मग मला. मी तो घेतला. तितका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नाही.