रेवता पुढे, आम्ही मागे

पलीकडच्या मोहल्ल्यात लग्न होतं. डीजेवर रेवताचंच गाणं सुरू होतं आणि ते मधेच बंद झालं. लाईट गेली असेल म्हटलं, पण बल्ब तर जळत होते. मग शेजारची फुलाबाई अंगणात येऊन म्हणाली, "सुमन, आपली रेवता गेली वो." तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. तरी...

रेवता आणि मी एकाच साली लग्न होऊन नवेगाव बांधकडच्या या गावात आलो. धानाच्या रोवणीला एकाच बांधीत, चिखलाच्या खाचरात, वाकायचो. ती ओळ म्हणायची, आम्ही बाया ती झेलायचो. साऱ्यांच्या आवाजात माझा आवाज लपून जायचा, ते मला बरं वाटायचं. पुढे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत ती स्टेजवर गाऊ लागली आणि गोंदियाच्या एका स्टुडिओवाल्याने तिला बोलावलं. ती मला सोबत घेऊन गेली. तिथे एक ओळ गायली की ती थांबे. काचेमागून तो म्हणे, "दीदी, बीच में रुकना नहीं है."

"थांबीन नाही त बाया कवा म्हणतीन?"

"यहाँ बाई लोग हैं कहाँ?"

तिने मला माईकपुढे उभं केलं. माझ्या तोंडून आवाजच निघेना. ती हसली. "राहू दे. भाऊ, ते जागा खाली ठेव, नुसता ढोल वाजू दे." त्याला पटलं नाही, पण ती पुन्हा तसंच गायली. मग वरातीत लोक त्या रिकाम्या जागेत ओरडून ओळ म्हणू लागले, आणि गाणं बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंत पोहोचलं. पोस्टरवर चमकीच्या साडीतला तिचा फोटो आला. तरी रोवणीच्या दिवसांत ती कार्यक्रम घेत नसे. "स्टेजवर चिखल भेटते का?" म्हणायची.

शेवटची भेटले तेव्हा खाटेवर बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, "औंदा रोवणीले तू पुढं गाणं गाजो."

"मले लाज वाटते."

"लाजत लाजत गाजो. साऱ्याइच्या माना खालीच असतेत, कोण पाह्यते तुले?"

रोवणी लागली. पहिल्या दिवशी बायांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोबाईल ठेवून तिचं गाणं लावलं. ते नाचण्यासाठी जलद केलेलं. त्या चालीवर हात धावू लागले, रोपं तिरपी बसू लागली, कंबर धरली. फुलाबाईने मोबाईल बंद केला. "हे नाचाची रेवता आहे वो. रोवाची रेवता कोणाजवळ आहे?"

बाया पुन्हा वाकल्या. नुसता चिखलात हात बुडल्याचा आवाज... यंदाची रोवणी अशी मुकी सरली असती, तर पुढच्या साली कोणी गाण्याचं नावही काढलं नसतं. मी मान आणखी खाली घातली आणि पहिली ओळ म्हटली. ओळ संपली, मी थांबले... आणि दोन्ही बाजूंनी बायांनी ती झेलली.

रेवताची एक सवय होती. हातातली रोपं संपली की डावा हात मागे नेऊन पाण्यातली नवी पेंढी चाचपायची. आम्हाला वाटायचं, दम घेते. दुपारपर्यंत माझाही हात तसाच मागे जाऊ लागला. पुढची ओळ आठवत नाही म्हणून जीव घाबरा व्हायचा, पण पेंढी बोटांना लागायची, आणि ओळ आपोआप यायची. दम नव्हे, रेवताही तेव्हा ओळच शोधत असेल.