मिक्सरपुरते पॉइंट

आमच्या घरात क्रेडिट कार्ड आलं ते माझं न ऐकता आलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर लोक मलाच म्हणायचे, "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, शाळेत शिकवता, तुम्ही कसं होऊ दिलंत?" होऊ दिलं म्हणे! धंदा ह्यांचा होता, आणि ह्यांनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचे नाहीत.

हे आधी अंबरनाथला एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखान्याला टाळं लागलं, हिशोबाचे पैसे मिळाले, आणि त्यातून ह्यांनी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एक गाळा भाड्यानं घेतला. जीन्स शिवायची तीन मशिनं टाकली. दोनवर कारागीर, तिसऱ्यावर स्वतः. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? गाळा होता म्हणून सकाळी डबा घेऊन ताठ मानेनं घराबाहेर पडायला ह्यांना जागा होती. कारखाना बंद पडल्यावरचे काही महिने मी बघितले होते. दाढी न करता खिडकीत बसून राहायचे, कोणी आलं की आतल्या खोलीत जायचे. गाळा गेला तर हा माणूस पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसेल, एवढीच माझी धास्ती होती.

नव्वदनंतरची ती मधली वर्षं. टाय लावलेले एजंट गाळ्यागाळ्यातून फिरायला लागले होते. छोट्या धंदेवाल्यांसाठी खास कार्ड, म्हणे. एका रविवारी कात्रपच्या आमच्या घरात हे दोन बँकांची पत्रकं टेबलावर मांडून बसले. एक कार्ड आमचं खातं होतं त्याच बँकेचं. त्याला दरवर्षी फी, उधारीची मर्यादा बेताची, बक्षीस वगैरे काही नाही. दुसरं चकचकीत. पहिलं वर्ष फुकट, मर्यादा दुप्पट, आणि प्रत्येक खरेदीवर पॉइंट. पॉइंट साठले की वस्तू. वस्तूंचं रंगीत पुस्तकच होतं, त्यात इस्त्री, सूटकेस, घड्याळ आणि मिक्सर.

"हे बघ, मिक्सर," हे म्हणाले.

माझा मिक्सर जळून चार महिने झाले होते आणि मी पाट्यावर वाटत होते. शाळेतून आल्यावर वाटायला बसलं की खांदा भरून यायचा. ते ह्यांच्या लक्षात होतं हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू? पण व्याजाची ओळ मी वाचली.

"अहो, आपल्या बँकेचं व्याज वर्षाला चोवीस टक्के आहे. ह्या दुसऱ्या बँकेचं महिन्याला तीन."

"मग? तीन कमी की चोवीस?"

"महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस होतात! सातवीतल्या पोराला कळतं."

"बाजारात शेकडा पाचनं उचलतात लोक. तीन म्हणजे काहीच नाही. आणि व्याज लागतं कोणाला? जो वेळेवर भरत नाही त्याला. मी कधी कोणाचे पैसे थकवलेत?"

खरंच कधी थकवले नव्हते. शिवाय उल्हासनगरच्या बाजारात शेकडा, महिना, हीच भाषा चालायची. तिथे वर्षाचा भाव कोणी विचारत नाही, त्यामुळे ह्यांना तो आकडाच परका वाटत होता. आम्ही व्याज ताडून बघितलं, फी बघितली, मर्यादा बघितली, मिक्सरला किती पॉइंट लागतात तेही बघितलं. ज्यानं घात केला ते मात्र कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची तुलना आम्ही कुठून करणार?

तो घात त्या बाजारातल्या एका रीतीचा होता. हे ज्या शेठकडून कापड घ्यायचे, त्याच्या गल्ल्यात ह्यांचे दोन-तीन कोरे चेक सही करून कायम ठेवलेले असायचे. सगळेच छोटे धंदेवाले तसे ठेवायचे. कापड उचलायचं, महिनाअखेर हिशोब जुळवायचा, मग शेठ चेकवर रक्कम घालणार. कोरा चेक मागणं म्हणजे अपमान नव्हे, उलट देणं ही इज्जत. इतक्या वर्षांत त्या शेठनं एका पैशाची फसवणूक केली नव्हती. कारखाना सुटल्यावर पहिलं कापड उधार त्यानंच दिलं होतं.

ते चकचकीत कार्ड आलं त्याच सुमाराला शेठनं कार्डाचं मशीन घेतलं. तेव्हा ते हातानं खटॅक करून ओढायचं असे. खाली कार्ड, वर कार्बनची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सही. दरवेळी एवढ्यासाठी काम सोडून दुकानात कशाला यायचं, असं दोघांचं ठरलं. ह्यांनी चार-पाच चिठ्ठ्यांवर कार्ड उठवून, खाली सह्या करून त्या कोऱ्याच शेठच्या गल्ल्यात ठेवून दिल्या. चेक ठेवायचे तशाच. मला सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे फाडल्या असत्या. पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच ह्यांना वाटलं नाही.

पुढे काही महिने सगळं सुरळीत चाललं. बिल आलं की हे आधी खालचा कोपरा बघायचे, जिथे पॉइंट लिहिलेले असत. रक्कम नंतर. एका संध्याकाळी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं ओरडले, "अगं, झाले! मिक्सरपुरते झाले, वर इस्त्रीसुद्धा येईल!"

मी पाट्यावरून उठून आले. हात मसाल्याचे.

"एका महिन्यात एवढे कसे झाले? घेतलंत काय तुम्ही?"

हे हसतच होते. मग त्यांनी वरची रक्कम बघितली. कार्डाची होती नव्हती तेवढी सगळी मर्यादा संपली होती. त्या महिन्यात ह्यांनी कापडाचा एक तागासुद्धा उचललेला नव्हता. हे खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "पाणी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या दुकानाला कुलूप. शेठ स्वतःच बुडाला होता. वरच्या व्यापाऱ्यांनी त्याची मान धरली, तेव्हा जाता जाता त्यानं गल्ल्यात जे होतं त्या सगळ्यावर रकमा घालून बँकेत भरून टाकलं. चेक आमच्या खात्यात पैसे नव्हते म्हणून परत आले. चिठ्ठ्या परत आल्या नाहीत. बँकेनं त्याला पैसे देऊन टाकले होते आणि आता ते आमच्याकडे मागत होती. दोघं बँकेत गेलो. साहेबानं चिठ्ठ्या समोर धरल्या आणि एकच विचारलं, "सही तुमचीच ना?"

हे म्हणाले, "हो."

मी चरफडले. एकदा तरी नाही म्हणा ना! पण ह्यांना खोटं बोलता येत नव्हतं, त्याला मी काय करू?

मग महिन्याला तीन सुरू झाले. माझ्या पगारातून भरत होतो, तरी रक्कम खाली उतरेना. माझ्या पाटल्या गेल्या. वसुलीची माणसं गाळ्यावर येऊन कारागिरांसमोर बसायला लागली. शेवटी शेजारच्या गाळेवाल्यानं तिन्ही मशिनं गाळ्याच्या भाडेहक्कासकट घ्यायची तयारी दाखवली. त्या पैशात सगळं मिटत होतं. वसुलीवाले दोघं घरी आले, कागदावर सह्या झाल्या. ते उठायला लागले तेव्हा हे हळूच म्हणाले, "साहेब, आणि ते पॉइंट?"

दोघांतला मोठा फस्सकन हसला. "काका, बिल थकलं की पॉइंट रद्द. नियमात आहे."

मेल्या, तुझं वाटोळं होवो, असं मी तोंडावर म्हणाले. हो, म्हणाले. शिक्षिका असून म्हणाले, आणि आजही परत म्हणेन.

नव्या मालकानं ह्यांना कामावर ठेवून घेतलं, नगावर मजुरी. खिडकीत बसण्यापेक्षा बरं, असं मी मनाला समजावलं. एकदा डबा घरी विसरले, मला सुट्टी होती म्हणून नेऊन द्यायला गेले. हे त्याच तिसऱ्या मशीनवर बसले होते. मला बघून अर्धवट उठले, मग मालकाकडे वळले. "शेठ, पाच मिनिटं जाऊ का?"

"अरे काका, पूछना क्या? जाओ ना," तो म्हणाला. माणूस चांगला होता, त्याला नावं ठेवणार नाही.

पायरीवर बसून ह्यांनी डबा उघडला. भाकरीला चटणी लावून एक घास खाल्ला.

"मिक्सरची चटणी अशी लागत नाही," हे म्हणाले. अर्धी भाकरी तशीच ठेवून लगबगीनं हात धुतले, आणि मालकानं हाक मारायच्या आधीच आत जाऊन मशीनवर बसले.