उंच गाडीवरचा कासोटा

पुण्याहून गावाकडं यायला माझ्याकडं आधी एक लांब पल्ल्याची मोटारसायकल होती. बुटकी, पुढं काच, चाकाला चिकटलेला मडगार्ड. सोलापूर सोडलं की अशी पळायची की माझी सावली उमरग्यातच मागं पडायची आणि बसवकल्याणच्या स्टँडवर धापा टाकत मला येऊन गाठायची. खोटं वाटत असेल तर सावलीलाच विचारा.

पण तिचा सगळा तोरा डांबर संपेपर्यंत. माझी थोरली बहीण, अक्का, कर्नाटकात मुडबीकडच्या रानातल्या वस्तीवर नांदते. तिथून डांबर गाठायला चार मैल काळी माती. अक्का अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका व्हायचं तर दहावी पाहिजे, म्हणून पस्तिशी उलटल्यावर परीक्षेला बसली. सगळे विषय काढले, एक कन्नड राहिला. बाजारात ती कन्नडमध्ये अशी भांडायची की वांगी आपणहून स्वस्त व्हायची. पण लिहायला बसली की ती गोल गोल अक्षरं वाटाण्यासारखी घरंगळायची.

जूनमध्ये फेरपरीक्षा होती. मी ऐटीत म्हणालो, "मी नेऊन सोडतो." रात्रभर पाऊस झाला होता. शंभर पावलांत मडगार्डात एवढी माती ठासली की आत हरभरा पेरता आला असता. चाक फिरेना. मी काटकीनं उकरत बसलो आणि तिकडं पेपर सुरू होऊन संपलासुद्धा. अक्का चिखल तुडवत परत गेली आणि चूल पेटवायला बसली. तेच जिव्हारी लागलं.

पुण्याला जाऊन ती गाडी विकली आणि कच्च्या रस्त्याची उंच गाडी घेतली. मडगार्ड चोचीसारखा वर, खाली मांजर झोपेल एवढी मोकळी जागा. सीटवर बसलं की बिदरचा किल्ला दिसायचा. बरं, किल्ला नसेल, पण पाण्याची टाकी नक्की दिसायची.

पुढच्या जूनला, पेपरच्या आदल्या दिवशी, ती घेऊन वस्तीवर गेलो. दाजींनी गाडीला फेरी मारली.

"मडगार्ड वर कामून चढलाय? चिखलाला भ्यायलाय व्हय?"

"दाजी, हीच तर खुबी हाय."

"आन् चढायची शिडी पुण्यातच इसरलास?"

सकाळी बघतो तर पुन्हा तसाच पाऊस. अक्का गोल साडीत एका अंगानं बसली. पहिल्याच चाकोरीत घसरली. उठली, बसली, पुन्हा घसरली.

"दोन्हीकडं पाय टाकून बस की," मी म्हणालो.

"ह्या साडीत? कसं टाकू?"

तेवढ्यात अक्काची सासू बाहेर आली. ही बाई वर्षाला चार शब्द बोलायची. तिनं स्वतःचं नऊवारी लुगडं अक्काच्या हातात दिलं. "हे नेस. कासोटा घाल. मेंढरांमागं घोड्यावर जल्म गेला माझा. कदी पडले न्हाई."

"गाव काय म्हनंल, आई?" दाजी कुरकुरले.

"गाव लिवायलंय का पेपर?"

एका दमात वर्षाचा कोटा संपवून म्हातारी आत गेली. अक्का कासोटा घालून आली, पायदानावर पाय दिला आणि घोड्यावर टाकावी तशी टांग टाकली.

मग गाडी निघाली! चिखल चाकाला चिकटायचा आणि चोचीखालून झडून जायचा. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या बाजूनं आम्ही गेलो तेव्हा त्याचा ड्रायव्हर तोंड मिटायला विसरला. बहुतेक अजून तसाच बसलेला असेल. एक बगळा आमच्याबरोबर थोडा उडाला आणि नाद सोडून बांधावर बसला. मागं अक्का माझ्या कानात रजेच्या अर्जाचं कन्नड घोकत होती. प्रत्येक खड्ड्याला एक स्वल्पविराम. बसवकल्याण येईपर्यंत मलासुद्धा कन्नडमध्ये रजा मागता यायला लागली.

पेपरला दहा मिनिटं होती. मी मातीचा पुतळा झालो होतो. अक्का माझा खांदा न धरता खाली उतरली, नळावर पाय धुतले आणि वर्गात गेली.

तीन तासांनी बाहेर आली ती कन्नडमध्येच बोलत. "छलो आगेद!" चांगला गेला. "रजेचा अर्जच आलता रे. एक अक्षर घरंगळलं न्हाई."

निकालात सदतीस पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. वरचे दोन सासूबाईंचे, असं अक्का म्हणते. मी म्हणतो, एक तरी गाडीला दे. ती देत नाही.