पट्ट्या डाव्याच बाजूच्या पडतात

परळच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पिवळे खांब इतके जवळजवळ आहेत की गाडी लावताना मीसुद्धा श्वास रोखते. बाबा तर सत्तरीच्या पुढचे, डाव्या डोळ्याने अंधुक दिसणारे. तरी दादरला मासळी आणायला गाडीच हवी. गाडीला एक जरी ओरखडा उठला तरी चावी काढून घेईन, असं आईने बजावलं होतं. बाबांचं गाडी चालवणं सुटलं तर माणूस घरात बसून वाळेल, या धास्तीने मी दरवाजांना लावायच्या रबरी पट्ट्या आणल्या. बाबांची अट एकच होती, भोक पाडायचं नाही आणि रंगाला धक्का लावायचा नाही.

रविवारी दरवाजे धुतले, स्पिरिटने पुसले, आईच्या ड्रायरने पत्रा कोमट केला आणि डबल टेपवर पट्ट्या दाबून बसवल्या. स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी बघते तर डाव्या बाजूच्या पट्ट्या चाकापाशी पडलेल्या!

टेप बदलली, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पत्र्यावर तेल असणार." गाडीला तेल कोण कशाला लावेल? पण वाकून वास घेतला, तर खरंच खोबरेल. रंग मात्र जसाच्या तसा, गोंदाचा ठिपकासुद्धा नाही. उजवीकडच्या पट्ट्या घट्ट आणि डावीकडच्याच का पडतात? डोकं चालेना. टेपवर चिडले, दुकानदारावर चिडले, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यावरही उगाच संशय घेतला.

तिसऱ्यांदा पट्ट्या लावल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर खाली गेले. बाबा स्टुलावर बसले होते. गावाहून आणलेला तंगूस, मासे धरायचा नायलॉनचा दोरा, पट्टीमागे घालून दोन्ही हातांनी अलगद मागेपुढे ओढत होते. पट्टी सुटली की उरलेला गोंद खोबरेलाच्या फडक्याने पुसत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"अगो, पट्टी असली तर डावीकडे घासलेलं मला कळणार कसं?" ते वर न बघता म्हणाले. "रंगावर उठलं की चावी मीच देणार. आईने मागायची वेळ कशाला आणू? म्हणून रोज खाली उतरून बघतो. अजून एक ओरखडा नाही."

मी वाकून बघितलं. मागच्या चाकाच्या वर, जिथे पट्टी पोचतच नाही तिथे, खांबाच्या पिवळ्या रंगाची बोटभर रेघ होती. बाबांचं फडकं तिच्यावरूनही फिरलं होतं, तेलाने ती उलट चकाकत होती. गप्प बसावं असं फार वाटलं. अजूनही वाटतं.

"आहे, बाबा."

"खंय?"

मी त्यांचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. ते तिच्यावरून सावकाश शेवटपर्यंत गेलं, मग परत आलं. त्यांनी हात फडक्याला पुसला आणि खिशातून चावी काढली.