सोनगीरची माहेरवाशीण

"हाई पिंपळनेरनी, हाई फैजपूरनी," असं म्हणत नाना एकेका मूर्तीच्या खांद्यावरची धूळ फडक्याने झटकत. लग्नाच्या मांडवात पाहुण्या बायकांची ओळख करून द्यावी, तशी. जळगावातल्या एका लहानशा संग्रहालयात ते शिपाई होते. खुर्चीत पेंगणारे शिपाई तुम्हीही पाहिले असतील. नाना पेंगत नसत. नोंदवहीत ज्याला प्राप्तिस्थान म्हणतात, त्याला ते माहेर म्हणत.

पीएच.डी.साठी मी तिथे खेपा घालू लागलो, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी गाव विचारलं. सोनगीर म्हणताच "मझार चाल" म्हणत मला हाताला धरून आत नेलं आणि कोपऱ्यातल्या एका मूर्तीपुढे उभं केलं. नाक गेलेली, हातात आरसा धरलेली बाई होती ती.

"हाई तुनी बहीन. आते सांग, भाऊ रिकामा हाते येस का?"

मी हसलो आणि खिशातून मोजपट्टी काढली. बहिणीची उंची मोजणारा भाऊ नानांना फारसा आवडला नाही.

पण त्या बहिणीने माझं भलं करायचं ठरवलेलं दिसलं. तिच्या पायाशी मला तुपाचा थर सापडला. फोटो पाहून मार्गदर्शक बाईही हरखल्या. पूजेच्या अखंड परंपरेवर मी अठरा पानांचं प्रकरण लिहिलं. सगळा प्रबंध त्यावरच उभा होता. सादर करायच्या आठवड्यात मोठ्या हौसेने ते नानांना वाचून दाखवलं.

नानांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग फडक्याची घडी करत म्हणाले, "ते तूप मनंच शे, भाऊ. आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेर जातस. हाई बिचारी कशी जाई? म्हनीसन मीच दर साल तुपातली सांजोरी ठेवस."

मी कपाळावर हात मारून घेतला. नाना घाबरले.

"तुनी डिग्री जाई का रे? मी कोनले सांगस नही."

खरंच सांगितलं नसतं त्यांनी. पण मला ते पचलं नसतं. प्रकरण काढलं, पदवी लांबली आणि त्या रागात शिफारशींमध्ये मी एक ओळ घातली: दालनात खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई असावी. माझ्या अख्ख्या प्रबंधातलं संग्रहालयाने तेवढंच मनावर घेतलं. पाटी नानांनीच ठोकली. स्टुलावरून मला विचारलं, "सरळ शे ना?" सरळच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मूर्तीच्या पायाशी तूप कधी दिसलं नाही.

गेल्या थंडीत नाना गेले. त्यांची फार आठवण येते, ते कशाला लपवू? यंदा आखाजीला मी डबाभर सांजोऱ्या घेऊन गेलो. दारावरच्या नव्या शिपायाने डबा उघडून पाहिला आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"नियम आहे, सर. डबा इथंच ठेवा. आत कोण खाणार आहे?"

घरीसुद्धा जी बोली मी कधी बोलत नाही, तीच तोंडात आली.

"मझार मनी बहीन शे."