ट्रेलरचे ब्रेक कोणी तोडले?

तो ट्रेलर आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या दिवशी मात्र तो थांबायला तयार नव्हता. मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. ज्या माणसाने त्याचे ब्रेक जोडले, त्यालाच मी ब्रेक तोडले म्हणून कोठडीत बसवलं. तेव्हा मी ग्वाल्हेरला उपनिरीक्षक होते. कंबर पट्ट्यात मावायची, पण अक्कल टोपीत मावत नाही असा माझा समज होता. "आजी, तू खरंच पोलिसात होतीस?" असं नाती विचारतात, तेव्हा मी त्यांना हीच केस सांगते. हसून हसून त्यांची पुरेवाट होते.

राज्याचे दोन भाग व्हायचे होते, रायपूर नव्या राज्यात जाणार होतं. माणसं, खुर्च्या, बंदुका, गाड्या, सगळ्यांची वाटणी चालली होती. आमच्याकडे तपासाची उपकरणं बसवलेला एक परदेशी बनावटीचा ट्रेलर होता, चाकांवरची प्रयोगशाळाच म्हणा. तो रायपूरच्या वाट्याला गेला आणि त्याला ओढणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर शिपाईही. ट्रेलर जड, त्याला स्वतःचे विजेचे ब्रेक, आणि ते ट्रकमधून वीज मिळाली तरच लागायचे. म्हणून बिर्ला नगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. माणूस आपल्यातलाच, मराठी; पणजे फौजेबरोबर इकडे आलेले. बोलणं निम्मं हिंदी. शिवाय त्या ड्रायव्हरचा सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ.

त्याने ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक डबी बसवली. बॅटरीपासून फ्यूज घालून तिच्यापर्यंत तार आणली, ब्रेकच्या पेडलची तार तिला जोडली आणि तिथून एक जाड निळी तार ट्रकच्या मागच्या सॉकेटपर्यंत नेली. ट्रेलरचा प्लग त्यात नीट बसला की डबीवर हिरवा दिवा लागे. दसऱ्याच्या सकाळी तो दिवा त्याने मला दाखवला आणि घरी गेला. संध्याकाळी ठाण्यात शस्त्रांची आणि गाड्यांची पूजा झाली. पुढाकार अर्थात माझा.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर जोडलेला ट्रेलर घेऊन चाचणीला निघाला. कंपू भागाच्या अलीकडच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. ट्रक थांबू लागला, ट्रेलर थांबेना. मागून ढकलत ढकलत ट्रेलरने ट्रक आडवा केला आणि एका भिंतीवर नेऊन टेकवला. माणसं वाचली, ड्रायव्हरचा हात मोडला.

तासाभरात ठाण्यात निनावी फोन आला. "उसके साले से पूछिए. बहीण रायपूरला जाऊ नये म्हणून तार त्यानेच कापली." झालं! मला हेतू मिळाला, पुरावा काय, मागून येईलच. इलेक्ट्रिशियनला उचलून आणला.

"निळी तार कुठे कापलीस?" मी टेबलावर हात आपटला. लागला, पण दाखवलं नाही.

"मॅडम, काल बत्ती जळत होती. तुम्हालाच तर दाखवली."

"मग रात्रीत काय झालं?"

"मला काय मालूम? मी तर घरी श्रीखंड खाऊन झोपलो."

"जीजा गेले की बहीण जाणार. म्हणून गाडी अडवलीस!"

"अडवायची असती तर टायरची हवा काढली असती ना. ब्रेक काढून जीजाला उतारावर कोण सोडतं? इतके वाईट नाहीत ते."

आमचे हेड कॉन्स्टेबल, तिकडच्या बोलीत दिवाणजी, मिशीत हसले. "मॅडम, बात में दम है."

"दिवाणजी, तुम्ही पाणी आणा," मी म्हटलं.

फाटकाशी त्याची बहीण दोन डबे घेऊन उभी होती, एक दवाखान्यातल्या नवऱ्याचा, एक कोठडीतल्या भावाचा. मी भावाचा डबा आत येऊ दिला नाही. खोटं बोलणारा माणूस समोरच्या अधिकाऱ्याचा चेहरा वाचत बसतो; हा सारखा खिडकीतून फाटकाशी असलेल्या डब्याकडे बघत होता. ते मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. सरकारी गाडीत घातपात म्हणजे जामीन अवघड, आणि पुढे त्याच्या हातात कोणी आपली गाडी दिली नसती.

सकाळी ठाण्याच्या आवारात पंचनामा ठेवला. अपघातानंतर ट्रक-ट्रेलर तसाच आणून उभा केलेला. पंच आले, इलेक्ट्रिशियनलाही आणला. कापलेली तार स्वतः शोधायची म्हणून मी ट्रकखाली शिरले. बॅटरी, फ्यूज, डबी, मग निळी तार, बोट बोट चाचपत मागपर्यंत. तार अखंड होती. शेवटी मी प्लग ओढून काढला.

पितळी पिनांवर तेलात कालवलेलं कुंकू वाळून बसलं होतं. आणि सॉकेटमधल्या निळ्या तारेच्या भोकात तांदळाचा एक दाणा अडकला होता. लाल.

ठाण्याचे पंडितजी हळदीचे पिवळे तांदूळ वापरत. कुंकवाच्या अक्षता माझ्या आईच्या डब्यातल्या. ट्रक आणि ट्रेलर जिथे जुळतात तिथली पूजा राहू नये म्हणून मीच प्लग उपसून सातही पिनांना कुंकू लावलं होतं, वर मूठभर अक्षता टाकल्या होत्या. परत लावताना प्लग अडला, तर तळहाताने ठोकून बसवला. आणि झेंडूचा हार? तोही मीच डबीवर घातलेला. हिरवा दिवा विझलेला ड्रायव्हरला दिसणार कुठून?

पंच माझ्याकडे बघत होते. दाणा नखाने उडवला असता तर कोणाला कळलंही नसतं. "हे काय आहे, मॅडम?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

"अक्षता," मी म्हटलं. "माझ्या."

पंचनाम्यात तसंच लिहवून घेतलं आणि साहेबांसमोर उभी राहून माझाही जबाब दिला. साहेबांनी ताकीद दिली. हसू आवरायला त्यांना फाईल तोंडासमोर धरावी लागली. इलेक्ट्रिशियनला सोडलं. तो निनावी फोन कोणाचा, ते मात्र कधीच कळलं नाही. त्यानंतर नोकरीभर मी कोणालाही आत बसवण्याआधी एक प्रश्न विचारत आले: शेवटचा हात कोणाचा लागला? उत्तरात स्वतःचं नावही येऊ शकतं, हे त्या तांदळाने शिकवलं.

पिना पुसून, प्लग बसवून, हिरवा दिवा मला पुन्हा दाखवून तो निघाला. फाटकाशी बहीण उभीच होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "अक्षता उरल्या असतील तर ट्रेलरवर नका टाकू, ताई. माझ्या बहिणीवर टाका. ती लांब चालली आहे."